खालून वर चढणारं पुरळ

आमच्या इवायांइतका संशयी माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच कुठे तर त्याच्यावर आमच्या इवायांचा संशय असणार. इवाई म्हणजे व्याही. आमच्या भागात असंच म्हणतात. मी शाळामास्तर होतो, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. माझी एकुलती एक लेक त्यांच्या धाकट्या मुलाला दिलेली. म्हणजे मी मुलीचा बाप, म्हणजे त्यांच्यापुढे बोलताना माझी मान आपोआप थोडी खाली जाते. त्यामुळे हे सगळं मी आजवर पोटात ठेवलं. पण पोटाला तरी किती ताण द्यायचा! लग्नातलीच गोष्ट घ्या. नवरानवरी पाटावर उभी, अक्षता वाटून झालेल्या, मंगलाष्टकं सुरू होणार, तेवढ्यात इवाई एकदम पुढे सरसावले. भटजींच्या हातातला अंतरपाट त्यांनी काढून घेतला, खाडकन दोनदा झटकला, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि परत देत म्हणाले, "हां, आता धरा." सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, मानपानात काहीतरी राहिलं, आता इवाई रुसून बसणार. जेवणं उरकल्यावर भीतभीत विचारलं, तर कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, त्यो पडदा मगाशी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला व्हता. म्या सोता पाह्यला. त्यात गोचीड आसला तर पयला नवरीला धरतो." माझ्या लेकीच्या काळजीने त्यांनी मुहूर्त थांबवला होता. रडावं की हसावं, मला कळेना.

इवाई जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होते. हा शब्द मी त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर वाचला. एरवी गोरेगावच्या आसपासच्या खेड्यांत त्यांना ‘ढोराचे डाक्टर’च म्हणत, आणि खरा डॉक्टर आला की हा कोण म्हणून विचारत. सगळी नोकरी गाईबैलांच्या जखमा धुण्यात, पट्ट्या बांधण्यात आणि गोचीड काढण्यात गेली. खेड्यात गोचीड कुणाला नवा नाही. जनावराच्या कानात, शेपटीच्या मुळाशी, कासेजवळ चिकटून बसतो, रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखा टच्च फुगतो. येता-जाता कुणीतरी उपटतो, दगडाने ठेचतो, विषय संपला. इवायांचा विषय तिथून सुरू होई. "हातानं ठेचू नका, त्याच्या पोटात काय हाय तुमाला म्हाईत हाय का? कुनाकुनाचं रगत पिऊन आलाय, इचारलं का त्याला?" असा त्यांचा सवाल. सगळ्या जगाकडे ते त्याच नजरेने पाहत. आमच्या घरी आले की खुर्ची आधी उलटी होणार, मग सुलटी होणार, मग ते बसणार. आमची ही पहिल्यांदा इतकी ओशाळली, की पुढल्या खेपेपासून तीच खुर्ची उलटी करून ठेवू लागली. तर इवायांना संशय, की ही आधीच उलटी काहून ठेवली. सेनगावच्या जीपमध्ये पुढची सीट रिकामी दिसली तर ते मागे दाटीवाटीत बसतात, कारण एवढ्या गर्दीत पुढची जागा रिकामी राहिलीच कशी? आमच्या शेजाऱ्यांचं कुत्रं त्यांना पाहिलं की भुंकत नाही, गुमान येऊन उभं राहतं आणि मान वाकडी करून एक कान पुढे करतं. तो तपासून झाला की दुसरा.

पण त्यांचा खरा हातखंडा पुरळ ओळखण्यात. माणसाच्या अंगावर लाल ठिपका दिसायचा अवकाश, इवायांच्या डोळ्यांत पोलीसपाटील जागा झालाच. त्यांचं म्हणणं असं, की सगळी पुरळं दिसायला सारखीच. "चोर काय कपाळावर नाव लिहून येतो का, गुरुजी? चेहरा पाहून न्हाई वळखायचा. आला कुठून आन् निघाला कुनीकडं, ते पाहायचं." मग ते अंगणात बसून मला शिकवत. मी पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, पण मला नद्यांच्या वाटा जितक्या पाठ नसतील तितक्या त्यांना पुरळाच्या. गोवर वरून खाली उतरतो. कानामागे निघतो, तोंडावर येतो, मग छाती, पोट, पाय. कांजण्यांत पाणी भरतं. घामोळ्याला ताप नसतो. पित्त उठतं तसं बसतंही, सकाळचं दुपारी सापडत नाही. आणि गोचीड चावून येणारा ताप मात्र खालून वर चढतो. आधी मनगटं, घोटे, मग वर अंगभर. आणि तळहात-तळपाय तो सोडत नाही. "आन् एक खूण आसती," इवाई आवाज खाली आणत. "जिथं धरलं, तिथं काळी खपली. बिडीचा चटका बसल्यावानी. दुखत न्हाई, खाजत न्हाई, म्हनून मानूस पाहत न्हाई. दर येळंला आसतीच आसं न्हाई, पन आसली तर आशा जागी आसती की मानूस दावत न्हाई." एवढं सांगून ते माझ्याकडे असं पाहत, की मी उगीचच सदरा नीट करी.

हे सगळं नुसतं बोलणं नव्हतं, हेही सांगायला हवं. गावाला लागून असलेल्या तांड्यावर एका घरी सून तापाने फणफणली आणि अंगावर लाल ठिपके उठले. घरच्यांनी गोवर म्हणून दाराला कडुलिंबाचा पाला बांधला. दारात पाला लागला की त्या घरात औषधाचं नाव काढायचं नाही, फोडणीसुद्धा द्यायची नाही. देवी आपल्या पावलांनी आली, आपल्या पावलांनी जाईल. इवाई उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले. आत गेले नाहीत, पाल्याला हात लावला नाही. तिथूनच सासूला विचारलं, "माय, तोंडावर आधी आलं का पायावर?" सासू म्हणाली, "पायावर. तोंडावर तर अजून न्हाईच." "मंग ही देवी न्हाई. देवी कधी मागल्या दारानं येत न्हाई," इवाई म्हणाले. सासूला ते पटलं, सुनेला जीपमध्ये घातलं, सेनगावला नेलं, आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं. बाई आठवड्यात शेतात खुरपायला लागली. त्यानंतर इवायांचा जो भाव वधारला म्हणता! तांड्यावरून भाजी यायची, ज्वारीची कणसं यायची. ती कणसंही ते झटकून घ्यायचे, ही गोष्ट वेगळी.

मात्र संशय हे असं हत्यार आहे, की रोज वापरलं की बोथट होतं. एका वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गावात हाहाकार केला. गल्लीतले एकामागून एक सात-आठ गडी त्यांना तळहातांवर लाल डाग घेऊन हिंडताना दिसले. झालं! इवाई सगळ्यांना पारावर रांगेने बसवून तळपाय दाखवा म्हणायला लागले. "साथ आली, गुरुजी, साथ!" असा मला फोन. मी हिंगोलीहून कसाबसा पोचलो, तोवर एका म्हाताऱ्याने मिशीत हसत इवायांच्या हाताला हात पुसून दाखवला होता. बैलांची शिंगं रंगवायचा हिंगूळ होता तो! सगळं गाव आठ दिवस त्यांना तळहात दाखवून रामराम घालत होतं. माझ्या स्वतःच्या पाठीवर एकदा घामोळ्या आल्या, तर मला त्यांनी दोन तास बसवून ठेवलं. पंधरा दिवसांत कुठल्या गोठ्यात गेलात, कुठल्या गवतात बसलात, कुणाच्या घोंगडीवर झोपलात. मी म्हटलं, "कुठंच नाही हो." तर डोळे बारीक करून म्हणाले, "जो मानूस लगेच ‘कुठंच न्हाई’ म्हनतो ना, त्याच्यावर पयला संशय घ्यायचा." मुलीचा सासरा म्हणून गप्प बसलो, नाहीतर त्या दिवशी इवायपणा मोडला असता.

मागच्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाने ट्रॅक्टर घेतला आणि दावणीला एकटा हरण्या बैल उरला. जोडीदार आधीच गेला होता, हरण्या म्हातारा झालेला. विकायचं कसं काढावं, म्हणून पोरं चाचरत होती, तर इवायांनी स्वतःच सांगून टाकलं, "बैल म्हंजे गोचिडाचं घर. घरात लेकरं खेळून राहिले. देऊन टाका." पुसेगावच्या एका शेतकऱ्याने हलक्या कामाला म्हणून नेला. हरण्या निघाला तेव्हा मी नेमका तिथे होतो. इवाई रिकाम्या गोठ्याच्या भिंतीला चुना मारत होते. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला रागच आला. म्हटलं, माणूस आहे का दगड?

त्यानंतर यंदा दसऱ्याच्या आधी लेकीचा फोन आला. "बाबा, मामंजींना चार दिवस ताप आहे, उतरतच नाही. हिंगोलीला आणलंय." मी दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होता, पण मन लावून बघणारा. म्हणाला, "डेंग्यू नाही, मलेरिया नाही. प्लेटलेट उतरल्यात, आणि आता अंगावर हे पुरळ. दिलेल्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन असेल, नाहीतर व्हायरल असेल. मूत्रपिंडावर ताण दिसतोय. उद्यापर्यंत फरक पडला नाही, तर नांदेडला हलवू." नांदेड म्हटल्यावर इहीणबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, तोंडाला पदर लावला. इवाई खाटेवर पडलेले, ओठ सुकलेले, डोळे लाल, पण माझ्याकडे पाहून पहिला प्रश्न केला, "हे सलाईन बंद व्हतं का आधीच फोडेल व्हतं, पाह्यलं का तुमी?" मी म्हटलं, "पाहिलं. बंद होतं." मी पाहिलं नव्हतं.

त्यांचा हात हातात घेतला, आणि तळहातावर ते ठिपके दिसले. तळपाय पाहिले, तिथेही. मी इहीणबाईंना विचारलं, "हे आधी कुठे दिसलं?" त्या म्हणाल्या, "परवा घोट्यापाशी व्हतं, बारीक. काल पोटापस्तोर आलं." हा सगळा धडा ज्यांनी मला अंगणात बसून पाठ करून घेतला होता, तो माणूस माझ्यासमोर पडलेला, आणि धडा त्यांच्याच अंगावर लिहिलेला! मी वाकून विचारलं, "इवाई, पंधरा-वीस दिवसांत कुठल्या जनावरापाशी बसला होतात?"

"कुठंच न्हाई," ते म्हणाले. लगेच म्हणाले. डॉक्टरलाही त्यांनी हेच सांगितलं होतं, की रिटायर झालो, बैल विकला, आता जनावराशी संबंध नाही.

मी लेकीला बाहेर व्हरांड्यात घेतलं. ती म्हणाली, "बाबा, घरात तर आता शेळीसुद्धा नाही. मामंजी पारावर बसतात आणि दर सोमवारी तेवढे बँकेत जातात." दर सोमवारी? पेन्शन महिन्यातून एकदा येते, मग बँकेत दर सोमवारी कशाला? लेकीने आत खाटेकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाली, "त्यांची थैली धुवायला घेतली तेव्हा तिच्यात खरारा निघाला. मला वाटलं, जुना राहिला असेल." ज्याने बैल विकून वर्ष झालं, त्याच्या थैलीत बैलाचं अंग घासायचा खरारा! आयुष्यात पहिल्यांदा मला खराखुरा संशय आला, आणि तोही कुणावर, तर इवायांवर.

इहीणबाईंना चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि खाटेशी स्टूल ओढलं. म्हटलं, "इवाई, खरारा कशाला लागतो हो बँकेत?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाले, "दार लावा, गुरुजी."

"त्यो पुसेगावचा मानूस," ते भिंतीलाच सांगत होते, "बैलाला नीट ठिवतो का न्हाई, मला संशय व्हता."

"म्हणून दर सोमवारी?"

"संशय दर सोमवारी येतो, त्याला म्या काय करू?"

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. सकाळच्या जीपने सेनगाव, तिथून दुसऱ्या जीपने पुसेगाव. त्या माणसाच्या मळ्यात बाभळीखाली बसायचं, हरण्याचं अंग घासायचं, कानातले, मानेखालचे गोचीड एकेक करून हाताने काढायचे. हरण्या त्यांच्या मांडीवर मान टाकून डोळे मिटायचा. "त्याला दुसऱ्याचा हात चालत न्हाई कानाला," इवाई म्हणाले. घरी सांगायची सोय नव्हती. गोचिडाच्या भीतीने बैल द्या म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता. आता कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, "अहो, मग तिथंच चावला तुम्हाला गोचीड! डॉक्टरला हे सांगायला हवं, आत्ताच्या आत्ता." तर एवढ्या तापातही त्यांचा मानी स्वभाव उसळला. "मला न्हाई धरत गोचीड. उभा जलम ढोरायत गेला. त्यायला माझा वास म्हाईत हाय." जगात कुणाला सोडलं नाही त्या माणसाने, एक स्वतःवर मात्र कधी संशय घेतला नव्हता.

"हे पहा," मी म्हटलं, "मी सांगणार."

"सांगा. पन आधी मला सबद द्या. दोन सोमवार झाले, एक पितरायत गेला, एक ह्या तापात, माझं जानं न्हाई झालं. माझ्या बदल्यात तुमी एक डाव पुसेगावला जाऊन या. त्याला पाहून या." मी शब्द दिला. तेवढ्यासाठी त्यांचे डोळे भरून आले, आणि मला त्या चुन्याच्या दिवसाची लाज वाटली.

डॉक्टरने सगळं ऐकलं आणि उडी मारूनच उठला. "हे आधी कळलं असतं तर! खपली शोधू या." काखा पाहिल्या, कानामागे पाहिलं, गुडघ्याच्या लवणी पाहिल्या. काही नाही. राहिली फक्त कंबर, आणि तिथे इवायांनी दोन्ही हातांनी चादर घट्ट धरलेली. आता हा कंबरेचा मामला असा. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या कंबरेला काळा करदोडा असतो. आई लहानपणी बांधते, जुना झाला तर नवा बांधल्यावरच जुना काढतात, आणि माणूस गेल्यावर शेवटच्या आंघोळीला काय तो तोडतात. सकाळी सोनोग्राफीच्या वेळी सिस्टरने सहज म्हणून कात्री पुढे केली, तर इवायांनी तिचा हात धरला होता. "जित्या मानसाचा करदोडा कापता व्हय?" तेव्हापासून इहीणबाई त्या चादरीवर पहारा देत बसलेल्या. कुणी कंबरेकडे पाहिलंच नव्हतं.

आताही त्या आडव्या आल्या. "नका हो हात लावू, गुरुजी, तुमच्या पाया पडते." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. मी हात लावला, दोरा तुटला आणि माणसाचं काही बरंवाईट झालं, तर जन्मभर तिला त्या घरात ऐकावं लागणार होतं, की तुझ्या बापाने सासऱ्याचा करदोडा तोडला. पण हात लावला नाही तर काय होणार, तेही समोर दिसत होतं. म्हटलं, "इवाई, कापत नाही. नुसता एका बोटाने सरकवतो." ते डोळे मिटून म्हणाले, "हळू."

मी एक बोट दोऱ्याखाली घातलं, आणि तो घामाने कुजलेला जुनाट करदोडा पटकन तुटला. त्याला अडकवलेल्या किल्ल्या फरशीवर खणकन पडल्या. "अगं माय, माय गं!" इहीणबाई किंचाळल्या. लेक "बाबा!" एवढंच म्हणाली. मी दोन टोकं दोन हातांत धरून मूर्खासारखा उभा. आणि बरोब्बर दोऱ्याच्या काळ्या वळाखाली, मसुरीच्या डाळीएवढी, काळी खपली. भोवती लालसर कडं.

"सापडली," डॉक्टर म्हणाला.

"दावा मला," इवाई मान उचलायला लागले. डॉक्टरने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. इवायांनी तो जवळ धरून, लांब धरून पाहिला. मग लेकराने फसवल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मला धरलं?"

डॉक्टरने समजावलं, की गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्यानेही असाच ताप येतो आणि अशीच खपली पडते. पण तळहातांवरचं पुरळ आणि बैलाची संगत पाहता हा गोचिडाचाच ताप दिसतो. रक्त तपासायला पाठवू, पण औषध आत्ताच सुरू करू, दोन्हीला एकच लागतं. त्यावर इवाई पुटपुटले, "दोनीला एकच आवशिद? म्हंजे तुमाला बराबर वळखू आलं न्हाई." डॉक्टर हसला. मला त्या दिवशी पहिल्यांदा धीर आला. इहीणबाई मात्र अडून बसल्या, की बिनकरदोड्याच्या माणसाच्या तोंडात गोळी घालायची नाही. बाजारात जायला वेळ कुणाला? शेवटी त्या बिचाऱ्या सिस्टरनेच गॉजची लांब पट्टी फाडली, पीळ दिला आणि इवायांच्या कंबरेला बांधली. जन्मभर ढोरांना पट्ट्या बांधणाऱ्या माणसाला पट्टीचाच करदोडा! गाठ बसल्यावर त्यांनी चाचपून पाहिली आणि म्हणाले, "ही गाठ कुनी शिकवली तुमाला?"

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. नांदेडची गाडी सांगायची वेळ आली नाही. इहीणबाईंनी माझ्यापुढे हात जोडले, तेव्हा मला कुठे तोंड लपवावं कळेना.

दिलेल्या शब्दाप्रमाणे मी पुसेगावला गेलो. मळा सापडला, बाभूळ सापडली, तो शेतकरीही सापडला. चांगला माणूस होता. मी कोण ते सांगितल्यावर खाली बघायला लागला. "बैल आठ दिवसाखाली देऊन टाकला, गुरुजी," तो म्हणाला. "कामाचा व्हता का त्यो? खाली बसला की दोघांनी उठवावा लागे. पन त्ये बाबा दर सोमवारी यायचे, मला शंभर सवाल करायचे, पानी कवा पाजलं, काय टाकलं खायला. त्यायच्या धाकानं इकत नव्हतो. दोन सोमवार आले न्हाई. मला वाटलं, सुटला त्यायचा जीव बैलातून." कुणाला दिला, म्हणून मी विचारलं. "बाजारात दिला. चांगल्या घरी गेला आसंल," असं म्हणत तो दावं गुंडाळायला लागला. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण जीभ उचलली नाही.

परतताना जीपमध्ये मी सगळी उत्तरं जुळवत बसलो. कारण इवाई काय काय विचारणार, हे मला ठाऊक होतं. कुठे बांधला होता, पुढ्यात काय होतं, शेण कसं होतं, कानात किती गोचीड होते, डाव्या की उजव्या. एक खोटं बोलायचं तर त्याला पन्नास टेकू लागतात. हिंगोलीपर्यंत माझे पन्नासही तयार झाले.

इवाई खाटेवर उठून बसले होते. हातात पेजेची वाटी. इहीणबाई बाहेर जाईपर्यंत थांबले.

"पाह्यला?"

"पाहिला."

"खातो का?"

"खातो. मजेत आहे."

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभा. त्यांनी वाटीतली पेज चमच्याने हलवली, एक घोट घेतला, आणि वाटी बाजूला ठेवून म्हणाले, "तुमी म्हनता म्हंजे आसंल."

एवढंच. दुसरा प्रश्न नाही. इतक्या वर्षांच्या सोयरिकीत हे वाक्य त्यांनी मलाच काय, कुणालाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, विचारा हो काहीतरी, एक तरी विचारा. पण ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, आणि मी त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं.

आता ते ठणठणीत आहेत. माझ्या घरी येतात, खुर्ची उलटी करतात, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे कान तपासतात. पण बरे झाल्यापासून एकाही सोमवारी ते गोरेगावच्या बाहेर पडलेले नाहीत, आणि हरण्याचं नावही त्यांनी माझ्याजवळ काढलेलं नाही. मी खोटं बोललो, हे त्यांना त्याच दिवशी कळलं असावं, असा मला संशय आहे. विचारायचा धीर मात्र होत नाही.